लिटरला साडेदहा

बोल्सवर्ड, २२ जून १९९४

प्रिय रेन्स्के,

सोमवारी तू कोपऱ्यावर वळलीस ती तिसऱ्या गिअरमध्ये. दुसरा टाकायला हवा होतास. मी खिडकीत उभा होतो, आवाजावरून कळलं. हिंके म्हणाली, "सिब्रेन, गेली तुझी बहीण आणि गेली तुझी गाडी, बस आता खाली." बसलो. पण बसून करायचं काय, म्हणून पत्र लिहायला घेतलं. नॉर्वेतल्या लिलेहामरच्या पोस्टात हे पोचेपर्यंत तूही तिथे पोचशील.

गाडी दिली याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे आधी सांगून टाकतो. जानेवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर माझं लायसन्स गेलं ते गेलं. राहायची-झोपायची सोय असलेली कॅम्पर गाडी दारात गंजत उभी राहण्यापेक्षा तुझ्याबरोबर जग बघू दे. फक्त तिला उधळपट्टीची सवय लावू नकोस. दहा वर्षं वळण लावलंय मी तिला.

पंचाहत्तरच्या वर जायचं नाही. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत, डिझेल त्यांच्या खिशातून येत नाही. पाण्याची टाकी पाव भर, नॉर्वेत पाण्याला तोटा नाही. बटाट्यांची पोती मात्र पलंगाखालून हलवू नकोस. एवढे बटाटे वाहून न्यायला डिझेल लागत नाही का, असं हिंके विचारते. तिकडे बटाटा काय भावाने देतात हे तिला माहीत नाही.

आणि पुलावरची युक्ती विसरू नकोस. चढ संपला की न्यूट्रल करायचं आणि गाडी सोडून द्यायची. आपल्याकडे पुलाचा उतार सुरू होतो न होतो तोच संपतो. तिकडे म्हणे उतार संपतच नाहीत. सपाट देशात जन्म काढून मी ही युक्ती फुकट घालवली बघ. टाकी भरलीस की ॲव्हरेज कळव. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं म्हणजे लिटरला साडेनऊ, तेही हार्लिंगेनहून येताना मागून वारा होता म्हणून.

इतकी वर्षं आईपाशी अडकून पडलीस. आता ती नाही, तर मनसोक्त फिर. फोन करू नकोस, या कानाने मी नुसता "काय?" म्हणत बसतो. पत्र लिही.

तुझा भाऊ आणि गाडीचा माजी ड्रायव्हर,
सिब्रेन

ता. क. मी, तुझी वहिनी हिंके. बटाटे वाटून टाक.


लिलेहामर, २८ जून

प्रिय सिब्रेन,

पोस्टातल्या मुलीने तुझं पाकीट काढून दिलं तेव्हा मला हसूच फुटलं. मी अजून डेन्मार्कही ओलांडलेलं नव्हतं आणि तू गिअरवरून बोलायला लागलास. हो, तिसरा होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, दांडा दिसला नाही.

तुझी गाडी माझ्याशी बरी वागते. डेन्मार्कमध्ये वारा सगळा तोंडावर होता आणि पंचाहत्तरने चालवताना माझ्यामागे इतक्या गाड्या जमल्या की कुणाची तरी अंत्ययात्रा निघाल्यासारखं वाटत होतं. एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना हाताने जी खूण केली ती मी तुला लिहून सांगणार नाही. मी मात्र वेग वाढवला नाही. तिथे लिटरला जेमतेम आठ पडलं.

पण इथे डोंगर आले, आणि सिब्रेन, तुझी युक्ती. पहिल्यांदा भीत भीत केली. चढ संपला, न्यूट्रल केलं, आणि गाडी सुटली ती सुटलीच. खालच्या गावातलं चर्च मागे पडलं, दूधडेअरी मागे पडली, तरी जातेच आहे. इंजिन आपलं झोपेत पुटपुटल्यासारखं. काल टाकी भरून हिशेब केला. लिटरला साडेदहा. दोनदा करून पाहिला. तुझ्या त्या हार्लिंगेनच्या वाऱ्याला मी मागे टाकलंय.

एक सांगू? पहिल्या रात्री गाडीचं दार आतून लावलं आणि मग पडल्या पडल्या कान देऊन राहिले. आई हाक मारील म्हणून. कुणीच हाक मारली नाही. थोडी रडले, मग बटाटे उकडले. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच्या मनाने कुठे थांबायचं ते ठरवतेय, याची अजून सवय व्हायचीय. पण मजा येतेय रे. फार मजा येतेय.

आता लोमला जाते, पुढचं पत्र तिथल्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठव. तिथून गायरांगर. रस्ता म्हणे बर्फाच्या उंचीवरून थेट समुद्रापर्यंत उतरतो. वरून न्यूट्रल केलं तर खालपर्यंत एक थेंबही लागायचा नाही. बघच तू.

रेकॉर्ड मोडणारी,
रेन्स्के


बोल्सवर्ड, ३ जुलै

रेन्स्के, अगं बाई,

साडेदहा. हिंकेला मी जेवणाच्या टेबलावर तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती उठून गेली.

सहा महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. खरंच सांगतो. झटक्यानंतर लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी आजारी मूल आहे. पण अजूनही कॅम्पर क्लबातले लोक येतात आणि विचारतात, सिब्रेन, माझी गाडी इतकं का पिते? ते विचारतात तेवढा वेळ मी पूर्वीचा असतो. मंगळवारी क्लबात कॉफी आहे. तुझं पत्र घेऊन जाणार आहे आणि उभं राहून वाचणार आहे, काठी न घेता.

गायरांगरचा उतार वाया घालवू नकोस. अगदी माथ्यावर न्यूट्रल कर आणि खालपर्यंत तशीच ये. ब्रेक आहेत, ते कशासाठी दिलेत? खाली पोचलीस की आधी मला लिही, मग कॉफी पी.

तुझा अभिमान वाटणारा,
सिब्रेन


बोल्सवर्ड, ६ जुलै. एक्स्प्रेस.

रेन्स्के,

परवाच्या पत्रात मी लिहिलं ते करू नकोस. न्यूट्रल करू नकोस. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेव, फारच उतार असला तर पहिल्या. इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापले की पायाखाली पेडल नुसतं खाली जातं. गाडी थांबत नाही.

मला हे माहीत नव्हतं. काल क्लबात तुझं पत्र वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांची नवी सून आहे, गेर्लिंडे, टायरोलच्या डोंगरातली. तिने टाळी वाजवली नाही. तिने विचारलं, "तुमची बहीण कुठल्या गिअरमध्ये उतरते?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही, तीच तर गंमत आहे." ती पांढरी पडली. मग तिने सांगितलं. वर हेही सांगितलं की गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर इंजिनाला डिझेल मिळतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र थोडं थोडं पीतच राहतं. म्हणजे माझ्या युक्तीने वाचतही काही नव्हतं. आपल्याकडे कुणाला कळणार? पुलावरून उतरून कुणी मेलंय का?

सकाळी लोमच्या पोस्टात फोन लावला. मुलीला माझं बोलणं कळलं नाही, मला तिचं ऐकू आलं नाही. हिंके बोलली. मुलीने चिठ्ठी लिहून ठेवते म्हटलं.

हे मिळालं की मिळालं एवढंच लिही. एक ओळ.

सिब्रेन


गायरांगर, १२ जुलै

प्रिय सिब्रेन,

लोमला तुझं तीन तारखेचं पत्र मिळालं. क्लबातल्या कॉफीचा बेत वाचून बरं वाटलं. लोकांनी काय म्हटलं ते कळव.

इथे फार सुंदर आहे. धबधबे इतके आहेत की शेवटी त्यांचा कंटाळा येतो. मी थोडे दिवस इथेच राहायचं ठरवलंय. गावाच्या वर एक शेत आहे, तिथली ओडनी नावाची बाई माझ्याच वयाची आहे, तिच्याकडे शेळ्या आहेत आणि ती तपकिरी गोड चीज करते. ते पावाला लावून खातात. सुरुवातीला साबण खाल्ल्यासारखं वाटलं, आता रोज खाते. बटाटे तिला दिले, हिंकेला सांग.

हवा चांगली आहे. गवत कापायचे दिवस आहेत. रस्ता म्हणशील तर उतरले. गाडीही आराम करतेय. माझी काळजी करू नकोस, पाय जपून टाकत जा.

रेन्स्के


बोल्सवर्ड, १८ जुलै

प्रिय रेन्स्के,

पत्र मिळालं. चीज कळलं, शेळ्या कळल्या.

ॲव्हरेज लिहिलेलं नाहीस. माथ्यापासून समुद्रापर्यंतच्या रस्त्याचं तू मला ॲव्हरेज कळवणार नाहीस, असं होईल का? त्यासाठीच तर निघाली होतीस. आणि अक्षर तुझं नाही, म्हणजे तुझंच आहे पण उताणं पडून लिहिल्यासारखं आहे. मी बहिरा आहे, आंधळा नाही.

माझं सहा तारखेचं पत्र मिळालं का? त्याबद्दल तू एक शब्दही काढलेला नाहीस. मी तुला हे चारदा विचारायला घेतलं आणि चारदा कागद फाडला. आता सरळ विचारतो. काय झालं?

सिब्रेन

ता. क. रेन्स्के, मी हिंके. जे असेल ते लिही. हा जेवत नाही. पोस्टमनची वाट बघत दारात उभा असतो आणि तो आला की आत निघून जातो. वाईट बातमीपेक्षा हे वाईट आहे.


गायरांगर, २३ जुलै

प्रिय सिब्रेन,

मी जिवंत आहे, चालतेय, आणि हे टेबलाशी बसून लिहितेय. हे आधी वाच आणि मग जेव. नंतर पुढचं वाच.

तू लोमला फोन केलास त्याच्या आदल्या दिवशीच मी तिथून निघाले होते, म्हणून चिठ्ठी मिळाली नाही, आणि तुझं एक्स्प्रेस पत्र तिथून फिरत फिरत इकडे आलं ते या आठवड्यात. आठ तारखेला मी माथ्यावर न्यूट्रल केलं होतं. पहिली काही वळणं अगदी झकास गेली, मी गाणं म्हणत होते. मग जळका वास आला. मला वाटलं, शेकोटी असेल कुठेतरी. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला आणि पाय आपला लोण्यात बुडाल्यासारखा खाली गेला. दुसऱ्यांदा दाबला, काही नाही. गिअर टाकायला गेले, पडेना. समोर पाणी दिसत होतं, फार खाली, आणि त्यात एक पांढरं जहाज. मला त्या जहाजाचा राग आला, एवढं आठवतं.

उजव्या हाताला शेताकडे चढत जाणारी वाट दिसली. स्टिअरिंग फिरवलं. फाटक तोडून, गवत वाळत घातलेल्या दोन कुंपणांतून गेले आणि तिसऱ्यात थांबले. गाडीत गवतच गवत, बटाटे सगळीकडे. ओडनी धावत आली आणि तिने आधी विचारलं, "कॉफी देऊ का?" मग रुग्णवाहिका बोलावली. गळ्याजवळचं हाड मोडलंय आणि दोन बरगड्यांना तडा आहे. मुक्काम तिच्याकडेच आहे. तिच्याकडे फोनही आहे. मी केला नाही, कारण तुझ्या कानात शिरेल एवढ्या मोठ्याने मला खोटं बोलता आलं नसतं.

लपवलं का, ते सांगते. तू लिहिलं होतंस ना, लोक विचारतात तेवढा वेळ मी पूर्वीचा असतो. ते वाचून तीनच दिवस झाले होते. म्हटलं, याचे पाय गेले, कान गेले, गाडी गेली. आता हे मी कुठल्या तोंडाने सांगू? मी वेगात होते, नजर चुकली, असं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. मग तुझं पत्र आलं. तू तर आधीच सगळं कबूल करून मोकळा झाला होतास, आणि मी इथे तुझ्यासाठी खोटं रचत बसले होते. आपण दोघंही महामूर्ख.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. हे नीट वाच. आईने मला सायकल शिकवायला नकार दिला तेव्हा तू शिकवलीस, आणि तेव्हाही मी कालव्यात पडलेच होते. आणि हात तर माझाच होता दांड्यावर.

पण एक गोष्ट आहे. खालच्या गॅरेजवाल्याने गाडी दुरुस्त करायला घेतली आहे, ऑगस्टच्या मध्यापर्यंत देईल. ओडनीच्या मुलाने गाडीतली ड्रायव्हरची खुर्ची काढून आणून अंगणात उन्हात ठेवलीय. परवा मी नुसती त्या खुर्चीत जाऊन बसले. अंगणात, गवतावर. आणि उजवा पाय थरथरायला लागला, थांबेचना. मला नाही वाटत मी पुन्हा चालवीन. कुणाला तरी पैसे देऊन गाडी घरी पाठवते आणि मी बसने येते. आईच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडेच आहे.

चार दिवस मोकळी फिरले, ते काही थोडं नाही.

रेन्स्के


बोल्सवर्ड, २८ जुलै

रेन्स्के,

जेवलो. मग वाचलं. मग हिंकेने मला पाणी दिलं.

माफी मागायला मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. मागतो. तू मेली असतीस, आणि तुझ्या अंगावर मी दिलेली अक्कल सापडली असती.

शेवटची ओळ मात्र मी मान्य करत नाही. चार दिवस फिरले म्हणे. आईच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडेच राहू दे. मी येतोय. हिंके ट्रेनची तिकिटं काढून आली, मला न विचारता. ओस्लोपर्यंत ट्रेन, पुढे आणखी एक ट्रेन, मग बस. काठी आहे, पाटी आहे गळ्यात घालायला, "मला ऐकू येत नाही" अशी, तीही हिंकेनेच लिहिली.

मला गाडी चालवता येणार नाही. मी शेजारी बसेन. तू पहिल्या गिअरमध्ये चालव, दर वळणाला थांब, डिझेल काय प्यायचं ते पिऊ दे. तळ्याएवढं पिऊ दे. मी काट्याकडे बघणार नाही. चालवायचं नसेल तर दोघं बसने घरी येऊ आणि मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. पण तू ते तिथे, गाडीजवळ उभी राहून ठरव. पत्रातून नाही.

ओडनीला सांग, कुंपणं बांधायला एक म्हातारा येतोय. बसून करता येईल ते सगळं करेन.

सिब्रेन


ओन्दाल्सनेस, २६ ऑगस्ट

प्रिय हिंके,

तुझा नवरा पलंगावर घोरतोय आणि मी पुढच्या टेबलावर लिहितेय. त्याला विचारलं तर तो तुला सगळं वेगळंच सांगेल, म्हणून आधी माझं वाच.

ओडनीकडे तो तीन आठवडे राहिला. कुंपणाच्या काठ्या सोलल्या, शेळ्यांना आपल्या फ्रिशियन भाषेत शिव्या दिल्या, शेळ्यांना कळल्या. गाडी आली त्या दिवशी मी तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिले. तो बाकावर बसून चीज खात होता, माझ्याकडे बघतही नव्हता. संध्याकाळी मी चढून बसले. पाय थरथरला. बसून राहिले. तो अजूनही चीजच खात होता. मग थरथरायचा थांबला.

आल्या वाटेने परत चढून गेलो असतो तर पुढे सगळे उतार सौम्यच होते. तो तेच म्हणाला. मीच म्हटलं, नाही. उताराला भिऊन घरी गेले तर घरातच राहीन. म्हणून पलीकडच्या वाटेने निघालो. इकडे उतरायला ट्रोलस्टिगेनचा घाट आहे, भिंतीवर दोरी टाकावी तसा रस्ता. माथ्यावर थांबलो. मी पहिला गिअर टाकला. सिब्रेनने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. म्हणाला, "यांना इथेच ठेवतो, नाहीतर दाखवायला लागतील."

पहिली चार वळणं कशी उतरले माहीत नाही. बैलगाडीच्या वेगाने. मागे रांग लागली, सगळ्यात पुढे एक पर्यटकांची बस, आणि तो बसवाला हॉर्न देत होता. पुढे जायला जागा देता येईल अशा ठिकाणी मी थांबले, पण बस तिथून जाईना. माझा पाय पुन्हा थरथरायला लागला. मी म्हटलं, "सिब्रेन, मला जमणार नाही."

तो दार उघडून उतरला. मला वाटलं, माझ्या बाजूला किती जागा आहे ते बघायला उतरला असेल. आरशात पाहिलं तर काठी टेकत टेकत गाडीच्या मागे गेला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, बसकडे तोंड करून, एक हात वर. हॉर्न वाजतच होता. त्याला ऐकू कुठे येतंय? बसवाला खाली उतरून ओरडायला लागला. सिब्रेन त्याला आपल्या भाषेत सावकाश म्हणाला, मला काचेतून ऐकू आलं, "माझी बहीण उतरतेय. थांबा."

आणि दुसऱ्या हाताने, न वळता, मला जा अशी खूण केली.

हिंके, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी गिअर टाकला. आरशात तो लहान लहान होत गेला, हात वर तसाच. मग वळण आलं आणि दिसेनासा झाला. पुढची सगळी वळणं माझी एकटीची होती. मी कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ब्रेक गार होते. खाली सपाटीला लागले, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दार उघडून गवतावर बसले.

थोड्या वेळाने ती बस आली. ड्रायव्हरच्या शेजारी पुढच्या सीटवर तुझा नवरा बसला होता, आणि दोघं एकमेकांचं एक अक्षर न कळता जोरजोरात बोलत होते. तो उतरला, काठी शोधली, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "खालपर्यंत?"

मी म्हटलं, "खालपर्यंत."

आम्ही अजून उत्तरेला जातोय. परत कधी ते ठरलेलं नाही.

तुझी,
रेन्स्के